खडकावरचे शेवाळ आणि त्याची ओळख

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या समारंभात केलेले भाषण)



आजच्या दिवशी बोलायला उभे राहावे, एवढी माझी योग्यता नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या माहेरगावची शाळा सातवीवर संपे आणि हायस्कूल खाडीपलीकडे होते. तरीतून रोज मुलीला एकटी पाठवायला वडील तयार झाले नाहीत. तेव्हा माझे वाचन म्हणजे मंडळाच्या कपाटातली पुस्तके आणि मुलांची क्रमिक पुस्तके, एवढेच.

चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "शेवाळावर बोलेन." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, तुमचा हात फणसाच्या साटांना चांगला, त्यावर बोला की!" पण मी हट्टच धरला. कारण ह्याच शेवाळावरून आपल्या मंडळात दोन वर्षांपूर्वी काय झाले, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यात माझा भाग किती होता, हेही ठाऊक आहे. ते आज मला चारचौघींसमोर सांगायचे आहे. मात्र आधी शेवाळाची माहिती सांगते, कारण ती कळल्यावाचून माझी चूक नीट कळायची नाही.

आपण सगळ्याजणी कालवे काढायला सुकतीच्या वेळी खडकावर जातो. तिथे पायाखाली जे हिरवे, बुळबुळीत असते, त्या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो, शेवाळ. थोडे निरखून पाहिले तर त्यात दोन रूपे दिसतात. एक पातळ पानासारखे, कोबीचे कोवळे पान असावे तसे. दुसरे बारीक नळीसारखे, आत हवा धरून फुगणारे, लहान मुले टचकन फोडतात ते. पान असते ते दोन पदरी, पेशींचे दोन थर एकावर एक. नळी असते ती एकपदरी. ह्या दोन्हींना शास्त्रात आता एकच घराणे मानतात. त्याचे नाव उल्वा.

"आता" म्हणाले, त्याला कारण आहे. लिनियस नावाचे स्वीडनचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १७५३ साली पाने आणि नळ्या दोन्ही एकाच घराण्यात घातल्या होत्या. पुढे १८२० साली दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने नळ्यांचे बिऱ्हाड वेगळे केले आणि त्यांना एंटेरोमॉर्फा म्हटले. दिसायलाच इतक्या निराळ्या, की ते सगळ्यांना पटले. जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे हे दोन संसार वेगळे राहिले. मग २००३ साली त्यांच्या आतली खूण तपासली गेली आणि दिसून आले की, काही नळ्या पानांच्या जास्त जवळच्या आहेत आणि काही पाने नळ्यांच्या. नळी व्हायचे की पान, हे ह्या घराण्यात पुन्हा पुन्हा बदलत आले आहे. तेव्हा मधली भिंत पाडून दोघांना पुन्हा एका घरात घेतले. म्हणजे लिनियसचे म्हणणेच खरे ठरले.

ही आतली खूण म्हणजे डीएनए. हा शब्द वर्तमानपत्रांत आपण खुनाच्या नाही तर वारसाच्या खटल्यांत वाचतो. तो प्रत्येक जिवाच्या पेशीत असतो, माणसाच्या, माडाच्या, माशाच्या आणि शेवाळाच्याही. त्याची घडण कशी असते, ते १९५३ साली कळले. त्यात चारच अक्षरे असतात आणि ती एकापुढे एक लाखोंनी, कोटींनी मांडलेली असतात. आईबापांकडून मुलांकडे जाताना ह्या अक्षरांची नक्कल होते. १९८४ साली इंग्लंडात लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांना आढळले की, ह्या अक्षरांत काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक वेगळे असते. त्यावरून बोटाच्या ठशाप्रमाणे माणूस ओळखता येतो. म्हणून त्याला डीएनएचा ठसा म्हणू लागले. आपल्याकडे हे काम हैदराबादला डॉ. लालजी सिंग यांनी उभे केले.

माणूस ओळखण्यापेक्षा जात ओळखण्याची रीत थोडी निराळी असते. ती मला माझ्या लेकीने जशी समजावली तशीच सांगते. माझ्या आजेसासूबाईंची मसाल्याची एक वही होती. ती त्यांच्या तीन लेकींनी उतरवून घेतली. एकीने 'दगडफूल' लिहायचे राहून दिले. तिच्या मुलींच्या, नातींच्या वह्यांतून दगडफूल गेले ते गेलेच. दुसरीने धण्यांचे माप चुकीचे लिहिले. तिच्या सगळ्या घराण्यात तेच माप चालू आहे. आज कोणाची वही समोर ठेवा, ती कोणत्या लेकीच्या वंशातली ते चुकांवरून सांगता येईल. दोन वह्यांत चुका तंतोतंत सारख्या असतील, तर घर एक. पुष्कळ ठिकाणी फरक असेल, तर घरे फार पूर्वी वेगळी झालेली. मसाल्याच्या रंगावरून हे कळायचे नाही, कारण रंग मिरचीवर आणि भाजण्यावर असतो. शेवाळाचे अगदी असेच आहे.

शेवाळाचे रूप फार फसवे. इंटेस्टिनालिस आणि कॉम्प्रेसा अशा त्याच्या दोन जाती आहेत. दोन्ही नळ्याच. पुस्तकात फरक असा लिहिलेला की, एकीला फाटे नसतात आणि दुसरीला असतात. पण बिनफाट्याच्या जातीला खारे पाणी कमी झाले, त्यात गोडे पाणी मिसळले, की तिलाही फाटे फुटतात. मग ओळखायचे कसे? १९९८ साली ब्रिटिश बेटांवरच्या ह्या शेवाळांची डीएनएने तपासणी झाली, तेव्हा त्या खरोखरच दोन जाती आहेत हे पक्के झाले आणि नुसत्या फाट्यांवर विसंबता येत नाही हेही कळले. शिवाय ह्या शेवाळावर राहणारे काही सूक्ष्म जंतू काढून टाकले, तर त्याला नीट आकारच येत नाही, नुसता गोळा वाढतो. म्हणजे ज्या रूपावरून आपण नाव देणार, ते रूपही त्याचे एकट्याचे नाही.

आता माझ्या लेकीबद्दल. ती वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करीत होती. मुलगी शेवाळ शिकते म्हटल्यावर आमच्या घरी जी थट्टा व्हायची ती झालीच. सासूबाई म्हणत, "शेवाळावर पाय घसरतो एवढे मला ठाऊक आहे, त्याला एवढे शिकायला कशाला हवे गो?" फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी तिच्या हिरव्या पिशव्या असत. एकदा आमच्या ह्यांनी पालक समजून एक पिशवी बाहेर काढली होती. असो.

२०२२ सालच्या मे महिन्यात आपल्या एका मैत्रिणीच्या घरच्या होडीचा तळ वहाळाच्या तोंडाशी खरवडला. होडी वर्षभर दुसऱ्या बंदरात होती. तळाला हिरव्या नळ्यांची दाट लव होती. ती सगळी तिथेच वाळूत पडली. पावसाळा संपला, दिवाळी झाली आणि वहाळाच्या तोंडाशी पूर्वी कधी पाहिले नव्हते इतके शेवाळ माजले. लांब, केसाळ, फाटेच फाटे असलेले. कालवे काढायला गेलेल्या दोघीजणी घसरल्या. एकीचे मनगट मोडले. त्या आज इथे समोर बसल्या आहेत.

२०२३ सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात हा विषय निघाला. तेव्हा, "हे आपल्याकडचे नव्हेच, होडीने आणलेले परके शेवाळ आहे, ज्यांनी आणले त्यांनीच ते काढावे," असे म्हणणारी पहिली बाई मी. माझी लेक शेवाळ शिकते म्हणून माझ्या शब्दाला नसते वजन आले. सगळ्यांनी मान डोलावली. ती मैत्रीण एक शब्द बोलली नाही. तिने कुंकू लावून घेतले, वाण घेतले आणि ती उठून गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही. तिची वाटीभर चवळीची वर्गणीही दुसऱ्यांच्या हातून येई, पण ती येत नसे. वीस वर्षांची आमची सोबत. एका वाक्याने तुटली.

घरी येऊन मी लेकीला फोनवर मोठ्या दिमाखाने सांगितले. तिने विचारले, "आई, तू कशावरून म्हणालीस?" मी म्हटले, "अगं, दिसतेच की! खडकावरचे साधे, वहाळाचे फाट्यांचे. दोन जाती सरळ दिसतात." ती म्हणाली, "आणि होडीवरचे कसे होते?" मला आठवावे लागले. होडीवरचे साधेच होते, खडकावरच्यासारखे. लेक थोडी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे होडीवरचे आणि वहाळाचे एकसारखे नव्हतेच. तरी तू म्हणालीस." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मे महिन्यात ती सुटीला आली. होडी पुन्हा ओढली होती. मला त्या घरी जायचे धैर्य झाले नाही. लेक एकटीच गेली. तिने कशासाठी हवे ते सरळ सांगितले. माझ्या मैत्रिणीने स्वतः होडीखाली बसून तळाचे शेवाळ निरनिराळ्या सहा जागांवरून काढून दिले, प्रत्येक झुबका वेगळ्या कागदात, आणि सगळे कागद स्टीलच्या डब्यात. त्या डब्यात खाली चार आंबेही ठेवले होते. ते आंबे खाताना मला कसे वाटले असेल, ते सांगत नाही.

लेकीने ते झुबके सिलिका जेलच्या पुड्यांत वाळवून ठेवले. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी सुकती पाहून खडकावर गेलो. सहा झुबके उघड्या खडकावरचे, सहा वहाळाच्या तोंडाचे. तेव्हा मी तिला सहज म्हटले, "हे फाट्यांचे शेवाळ वहाळ वाहतो तोवरच असे दिसते. वहाळ आटला की फाल्गुनात तिथे नवे येते, ते साधे येते. मी लग्न होऊन आल्यापासून पाहते." लेक उभीच राहिली. म्हणाली, "आई, हे तू मला आजवर का नाही सांगितलेस?" मी म्हटले, "तू कधी विचारलेस?" तिने ते तिथेच वहीत लिहून घेतले, तारखेसकट. माझे बोलणे कोणी वहीत लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ.

मग तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या सहा बरण्या मांडल्या. तिघींत समुद्राचे पाणी, तिघींत अर्धे समुद्राचे व अर्धे विहिरीचे. सगळ्यांत उघड्या खडकावरचे साधे शेवाळ. सासूबाई म्हणाल्या, "गेल्या माझ्या लोणच्याच्या बरण्या!" लेक परत गेली आणि पाणी बदलायचे काम माझ्याकडे आले. तीन आठवड्यांनी गोड्या पाण्याच्या बरण्यांतल्या नळ्यांना बारीक बारीक फाटे फुटले. इतर तिघींत नाही. मी चष्मा लावून दहादा पाहिले. सासूबाईंनाही दाखवले. त्या म्हणाल्या, "मग भांडलीस कशाला?"

एवढ्याने मी मनातून समजले होते. पण लेक म्हणाली, फाटे फुटले म्हणून जात एकच असे सिद्ध होत नाही. ठसा पाहायला हवा. ते काम कसे चालते, ते मी तिच्या कॉलेजात जाऊन एक दिवस बघितले. मला ते पुष्कळसे स्वयंपाकासारखेच वाटले. शेवाळाचा तुकडा खलात बारीक वाटतात. त्यात मीठ आणि साबणासारखे द्रव घालून पाण्याच्या ऊबेत ठेवतात, म्हणजे पेशींची आवरणे फुटतात. गाळ खाली बसवून वरची निवळ घेतात आणि तिच्यात गार अल्कोहोल सोडतात, की डीएनए वेगळा होऊन खाली येतो.

तो असतो अगदी थोडा. म्हणून त्यातला हवा तेवढा तुकडा वाढवून घेतात. ह्या युक्तीला पीसीआर म्हणतात. ती १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचली आणि १९९३ साली त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. चमचाभर विरजणाने पातेलेभर दही व्हावे, तसे ते आहे. यंत्रात ते मिश्रण खूप तापते, निवते, पुन्हा तापते आणि दर फेरीला तुकड्याच्या दुप्पट नकला होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. मला खरे वाटेना. मी घरी येऊन पाटीवर गुणाकार केला. खरेच होतात.

मग ते पारदर्शक खिरापतीच्या वडीसारख्या एका थरात घालून विजेने ओढतात. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात, आणि त्यांच्या पट्ट्या उमटतात. काही पद्धतींत ह्या पट्ट्यांचा नमुनाच बोटाच्या ठशासारखा एकमेकांशी ताडून पाहतात. लेकीच्या पद्धतीत पट्टी नीट आली की तो तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून त्यातले एकेक अक्षर वाचून आणतात.

तो वडीचा थर कशाचा असतो, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो आगरपासून काढलेल्या पदार्थाचा असतो, आणि आगर म्हणजे आपण मिठाईत घालतो ते चायना ग्रास. ते होते लाल शेवाळापासून. हिरव्या शेवाळाची परीक्षा लाल शेवाळाच्या वडीत! हे आगर प्रयोगशाळेत आणले तेही एका गृहिणीने. फॅनी हेसे त्यांचे नाव. त्यांचे यजमान वॉल्टर हेसे जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करीत. उन्हाळ्यात त्यांचे जिलेटिन वितळून सगळे काम फुकट जाई. १८८१ साली त्यांनी बाईंना विचारले, तुझ्या जेली उन्हाळ्यात कशा वितळत नाहीत? बाई आगर वापरीत. ते त्या लहानपणी एका शेजारणीकडून शिकल्या होत्या आणि ती शेजारीण जावा बेटात राहून आलेली. १८८२ साली कॉख यांनी आगरचा उल्लेख केला. बाईंचे नाव मात्र घेतले नाही. आज जगातल्या प्रत्येक जंतुशाळेत आगर आहे. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, तेव्हापासून त्यांनी बरण्यांची तक्रार केली नाही.

२०२४ सालच्या फेब्रुवारीत निकाल आला. लेकीने दोन छापील कागद आणले. अठरा झुबक्यांची अक्षरे एकाखाली एक. हरितकणातला टफए नावाचा तुकडा, सुमारे आठशे अक्षरांचा. उघड्या खडकावरचे सहा आणि वहाळाचे सहा, ह्या बारांत एकाही अक्षराचा फरक नाही. होडीवरचे सहा आपसांत सारखे. पण आपल्या बारांपासून तीसहून अधिक जागी वेगळे. एका तुकड्यावर भरवसा ठेवू नये, असे ह्या घराण्याबाबत म्हणतात. लिंझा आणि प्रोलिफेरा अशा दोन जाती इतक्या जवळच्या आहेत की, नेहमीच्या एका तुकड्यावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा तुकडा पाहावा लागतो. म्हणून लेकीच्या मार्गदर्शक बाईंनी तिला दुसराही तुकडा पाहायला लावला. त्याचे उत्तर तेच आले. जातींची नावे पक्की करायला आणखी ताडणी हवी, असे त्या म्हणाल्या. पण आपल्या भांडणापुरते नाव नकोच होते. एक की दोन, एवढेच हवे होते.

म्हणजे भगिनींनो, जी दोन शेवाळे मला डोळ्यांनी निराळी दिसली, ती एकच निघाली. जी दोन सारखी दिसली, ती निराळी निघाली. वहाळाचे शेवाळ आपल्याच खडकावरचे आहे. होडीने ते आणलेले नाही. अठरा झुबक्यांवरून सबंध किनाऱ्याचे सांगता येत नाही, हे लेक मला बजावते. पण ज्या शेवाळावरून मी आरोप केला, त्यापुरते उत्तर स्पष्ट आहे.

खरवडीचा संशय मूळचाच वेडगळ होता, असेही मी म्हणत नाही. २००८ साली चीनमध्ये छिंगताव येथे ऑलिंपिकच्या शिडांच्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या. त्याच्या आधी सगळा समुद्र हिरव्या शेवाळाने भरला. दहा हजारांहून अधिक माणसे ते उपसायला लावली आणि सुमारे दहा लाख टन शेवाळ काढले. ते उल्वा प्रोलिफेरा होते. ते आले कुठून, ह्याचा माग काढताना दक्षिणेकडच्या जिआंग्सू प्रांताच्या किनाऱ्याचे नाव पुढे आले. तिथे खाण्याच्या नोरी शेवाळाची शेती तराफ्यांवर करतात. त्या तराफ्यांच्या दोऱ्यांवर उगवलेले हिरवे शेवाळ खरवडून समुद्रात टाकीत, ते वाहत वाहत वाढले. माग काढायला डीएनएची मदत झाली. तिथे खरवड कारण ठरली, आपल्याकडे ठरली नाही. म्हणून तर तपासायचे असते. मी न तपासता बोलले.

मोठमोठ्यांचीही फसगत होते, एवढाच माझ्या मनाला धीर. ज्या लिनियसने उल्वा लॅक्टुका हे नाव दिले, त्याने नाव देताना पाहिलेला वाळवलेला नमुना लंडनच्या लिनियन सोसायटीत अजून जपून ठेवला आहे. त्याचा डीएनए तपासून २०१९ साली प्रसिद्ध झाला. युरोपच्या थंड समुद्रातल्या ज्या शेवाळाला लोक अडीचशे वर्षे लॅक्टुका म्हणत आले, त्याच्याशी तो जुळलाच नाही. तो जुळला उबदार समुद्रातल्या जातीशी, जिला फॅसिआटा म्हणत. हे फॅसिआटा नाव आपल्या कोकणकिनाऱ्याच्या यादीतही आहे. थंड समुद्रातल्या शेवाळाला आता फेनेस्ट्राटा म्हणावे लागते. आणि आपल्या भारतातूनही २०१६ साली उल्वा चौगुली नावाची नवी जात, रूप व डीएनए दोन्ही पाहून, जाहीर झाली. सारख्या दिसणाऱ्यांत अजून किती वेगळ्या निघतील, कोण जाणे.

मग शेवाळ एकदम माजले का? हे डीएनए सांगत नाही. तो फक्त कोण ते सांगतो, का ते नाही. पण उल्वाला खत मिळाले की ती फोफावते, हे सगळीकडे दिसून आलेले आहे. आणि वहाळात खत कोण घालते? आपणच. पूर्वी आपल्या न्हाणीचे, मोरीचे पाणी माडांच्या आळ्यात, केळींत, अळवात जाई. घरोघर नळ आले, पाणी वाढले, नव्या न्हाण्या झाल्या आणि त्यांचे पाइप आपण सोयीचे म्हणून वहाळात सोडले. माझ्या घराचाही सोडला होता. परके शेवाळ म्हणून मी ज्याला नावे ठेवली, त्याला खायला मीच घालत होते.

उन्हाळ्यात आम्ही आमचा पाइप पुन्हा माडांकडे वळवला. त्यानंतर आणखी दहा घरांनी वळवला. यंदा दिवाळीनंतर वहाळाच्या तोंडाशी शेवाळ थोडे कमी वाटले. एका वर्षावरून काही म्हणू नये, हे मी आता शिकले आहे. मंडळाने एक वही ठेवावी, असे मला सुचवावेसे वाटते. दर अमावास्येच्या सुकतीला आपल्यापैकी दोघींनी जावे आणि शेवाळ कुठे, किती, कसे दिसले ते लिहावे. त्याला सातवीचेही शिक्षण लागत नाही. डोळे लागतात आणि तारीख लिहायची सवय लागते.

निकालाचे कागद घेऊन मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले होते. ती अंगणात सोले वाळत घालीत होती. मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊकच होते की आमचे नव्हे." मी विचारले, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू माझे ऐकले असतेस?" मला खोटे बोलवेना. तिने मला सरबत दिले, पण मंडळात येईन असे काही म्हणाली नाही. तिचेही बरोबर आहे. मी आरोप केला तो सगळ्यांसमोर, आणि चूक कबूल केली ती तिच्या अंगणात, कोणी नसताना. तो हिशेब काही जमला नाही.

म्हणून आज ह्या विषयाचा मी हट्ट धरला. मी चुकले होते. न पाहता, न विचारता बोलले, आणि तुम्हा सर्वांना माझ्यामागून चुकीच्या वाटेने नेले. तिची मी इथे, सगळ्यांच्या देखत क्षमा मागते. ती आज आली आहे की नाही, मला इथून दिसत नाही. आली असेल तर हळदीकुंकू झाल्यावर थांबावे. आली नसेल तर स्मरणिकेची पहिली प्रत मी स्वतः तिच्या घरी नेऊन देईन.